वाऱ्याचा डोळा

आयर्लंडच्या भाषेत खिडकीला ‘फ्विन्योग’ म्हणतात. नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंड ह्या उत्तरेकडील देशांच्या जुन्या भाषेत, म्हणजे प्राचीन नॉर्समध्ये, खिडकीचे एक नाव ‘विंदाउगा’ असे होते. ‘विंद’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. हे दोन शब्द शेजारी ठेवले असता ते मुळात एकच आहेत अशी शंकाही सामान्य वाचकास येणार नाही. तथापि ते एकच आहेत. नॉर्स दर्यावर्दी आयर्लंडच्या किनाऱ्यावर वसले, तेव्हा हा शब्द त्यांच्या घरांतून शेजाऱ्यांच्या घरांत गेला. इंग्रजीतील ‘विंडो’ ही त्याच विंदाउगाची दुसरी संतती. तिच्या चेहऱ्यावर आईची खूण अजून दिसते, आयरिश भावंडाच्या चेहऱ्यावर ती जवळजवळ पुसली गेली आहे.

‘वाऱ्याचा डोळा’ हा अर्थ कळताच आपल्याकडील व्युत्पन्न वाचकाच्या मनात दोन संस्कृत शब्द उभे राहतील. एक ‘वातायन’, म्हणजे वाऱ्याची वाट; दुसरा ‘गवाक्ष’, म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा. नॉर्स समासाचा पूर्वार्ध पहिल्यात आणि उत्तरार्ध दुसऱ्यात, असा हा योग आहे. एवढ्या भांडवलावर ‘उत्तर ध्रुवाकडील खलाशांना खिडकी आर्यावर्ताने दिली’ असा लेख लिहिणारे आपल्यात कमी नाहीत, आणि तो आनंदाने छापणारेही कमी नाहीत. म्हणून ह्या साम्याचा निकाल प्रथम लावणे बरे.

साम्यात खरे काय आहे? नॉर्स ‘विंद’, लॅटिन ‘वेन्तुस’, वेल्श ‘ग्विंत’ आणि संस्कृत ‘वात’ हे एका गोत्राचे शब्द आहेत; ‘वाहणे’ ह्या अर्थाचा ‘वा’ धातू सर्वांच्या मुळाशी आहे. ‘आउगा’ आणि ‘अक्षि’ ह्यांचे नातेही भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘आउगा’मधील स्वर नियमाला धरून नाही, तो ‘कान’ ह्या अर्थाच्या शब्दाच्या सहवासाने बदलला असावा असे स्पष्टीकरण त्यासाठी देतात. म्हणजे घटक सगोत्र आहेत. परंतु समास सगोत्र नाही. तो ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या वेळी केला. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिक भाषेत बायबल उतरविले, त्यात खिडकीसाठी ‘डोळा-दार’ अशा अर्थाचा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत ‘डोळ्याचे भोक’ असा समास होता. रशियन ‘ओक्नो’ म्हणजे खिडकी, आणि तिच्या पोटात ‘ओको’ म्हणजे डोळा आहे; फिनलंडच्या लोकांनी स्लाव शेजाऱ्यांकडून तोच शब्द उचलून ‘इक्कुना’ केला. भिंतीला भोक पडले की माणसास ते डोळ्यासारखे दिसते, ह्यापलीकडे ह्या यादीतून काही सिद्ध होत नाही.

गवाक्षाविषयी येथेच एक गोष्ट सांगून टाकतो. पाणिनीच्या पाचव्या अध्यायात एक सूत्र आहे, त्याचा आशय असा की, समासाच्या शेवटी ‘अक्षि’ हा शब्द पाहण्याच्या इंद्रियाखेरीज अन्य अर्थाने आला तर त्याचे ‘अक्ष’ असे रूप होते. डोळा जेव्हा पाहीनासा होतो तेव्हा त्याचे रूपही बदलते, हे व्याकरणकाराने टिपून ठेवले आहे. आपल्या नागर शिखरांवर गवाक्षांची जी जाळी कोरलेली असते तिच्यातून कोणी पाहत नाही आणि वाराही येत नाही. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरील भव्य कमान खरोखर प्रकाश आत घेते. पुढे तोच आकार शिखरावर चढून केवळ अलंकार झाला. विंदाउगातील डोळ्याचे आयर्लंडात काय झाले हे पाहताना पाणिनीचे हे सूत्र स्मरणात असावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. फ्विन्योग हा उसना शब्द आहे हे कशावरून? अर्थावरून नव्हे, खिडकीला खिडकीच म्हटले जाणार. प्रमाण आहे ते ध्वनींचे, आणि येथे आयरिश भाषेने आपल्या हातात एक दुर्मिळ साधन ठेवले आहे. तिच्याजवळ ‘खिडकी’साठी एक नव्हे, दोन उसने शब्द होते, आणि दोहोंच्या पहिल्या अक्षरावर ते केव्हा आले त्याची मोहोर उमटलेली आहे.

पहिला शब्द ‘सेनेस्तेर’. तो लॅटिन ‘फेनेस्त्रा’वरून आला. 431 साली पॅलेडियस आयरिश ख्रिस्ती लोकांचा बिशप म्हणून पाठविला गेला; त्या काळापासून धर्माबरोबर लॅटिन शब्दांचा ओघ सुरू झाला. परंतु त्या वेळच्या आयरिश भाषेत शब्दारंभी ‘फ’ हा ध्वनीच नव्हता. म्हणून लॅटिन ‘फ’च्या जागी लोकांनी ‘स’ घातला. भट्टी ह्या अर्थाच्या ‘फुर्नुस’चे ‘सोर्न’ झाले, लगाम ह्या अर्थाच्या ‘फ्रेनुम’चे ‘स्रीअन’ झाले, आणि ‘फेनेस्त्रा’चे ‘सेनेस्तेर’. पुढे सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास आयरिशमध्ये एक मोठे ध्वनिपरिवर्तन घडले. शब्दारंभीचा मूळचा ‘व’ हा ‘फ’ झाला. आपला ‘वीर’, लॅटिनचा ‘विर’, तो आयरिशमध्ये ‘फेर’ झाला. खरे ह्या अर्थाचा लॅटिन ‘वेरुस’चा सगोत्र शब्द ‘फीर’ झाला. आता भाषेजवळ ‘फ’ आला होता, आणि आरंभीचा ‘व’ राहिला नव्हता. अशा वेळी नॉर्स लोक ‘विंदाउगा’ घेऊन आले. आयरिश कानाने तो ‘व’ आपल्या ‘फ’मध्ये बसविला. हा शब्द पाचव्या शतकात आला असता तर त्याचा ‘व’ इतर देशी शब्दांच्या बरोबर पुढे फ झाला असता, असा आक्षेप कोणी घेईल. पण पाचव्या शतकात आयर्लंडात नॉर्स मनुष्य नव्हता, हे इतिहासच सांगतो. दोन खिडक्या, एकीला ‘स’ आणि दुसरीला ‘फ’. मध्ये काही शतकांचे अंतर. शिलालेखावरील शकाइतका हा पुरावा बोलका आहे.

उरलेल्या शब्दाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ‘विंद’मधील ‘न्द’चा आयरिश नियमानुसार ‘न्न’ झाला. ‘आउगा’ मात्र मोठ्या चातुर्याने पचविले गेले. आयरिशमध्ये ‘ओग’ हा स्त्रीलिंगी शब्दांना लागणारा एक फार प्रचारातला प्रत्यय आहे. पानाला, अंगठ्याला, अशा कितीतरी नित्याच्या वस्तूंच्या नावांच्या शेवटी तो असतो. परका ‘आउगा’ कानावर पडला, आणि लोकांनी तो आपला ‘ओग’ समजून घेतला. डोळा गेला, प्रत्यय राहिला. वाराही ओळखू येईना, कारण आयरिशमध्ये वाऱ्याला ‘ग्वी’ म्हणतात आणि डोळ्याला ‘सूल’. (हा ‘सूल’ शब्द सूर्यवाचक मूळ शब्दापासून आला असे मानतात. पुरुषसूक्तात सूर्याचा जन्म पुरुषाच्या नेत्रापासून सांगितला आहे हे ज्यांना आठवेल त्यांना मौज वाटेल. पण तीही केवळ मौजच.) आपल्या भाषेतही असेच घडते. पोर्तुगीज ‘बिसाग्रा’ मराठीत येताना त्याच्या शेवटास ओळखीचा ईकार लागला आणि ती ‘बिजागरी’ झाली. आज तिला परकी कोण म्हणेल?

स्कॉटलंडातील गेलिकमध्ये हाच शब्द ‘उन्याग’ असा झाला आहे, आणि मॅन बेटाच्या भाषेतही जवळपास तसाच. ‘फ’ गेला कोठे? ह्या भाषांत उपपद लागले की स्त्रीलिंगी नामाचा पहिला वर्ण मृदू होतो, आणि मृदू झालेला ‘फ’ अजिबात उच्चारला जात नाही. ‘ती खिडकी’ असे म्हणताना ‘फ’ ऐकूच येत नाही. घरात खिडकी बहुधा ‘ती’च असते, ‘एक’ नसते. मुलांनी ऐकले ते ‘उन्याग’, आणि त्यांनी तेच मूळ रूप धरले. म्हणजे वाऱ्यातला ‘व’ आयर्लंडात ‘फ’ झाला आणि स्कॉटलंडात तोही उडाला. ही साखळी ज्यास ठाऊक नाही त्याला ‘उन्याग’ आणि इंग्रजी ‘विंडो’ ही भावंडे आहेत हे शपथेवर सांगितले तरी पटणार नाही. उलट ‘गवाक्ष’ आणि ‘विंदाउगा’ ही भावंडे नाहीत हे सांगितले तर तो रुसेल. व्युत्पत्तीच्या प्रांतात डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्याची अशीच फसगत होते.

ज्या घरातून हा शब्द निघाला त्या घरी त्याची काय गत झाली? डॅनिश आणि नॉर्वेजियन लेखी भाषेत तो झिजून ‘विंदु’सारखा उरला, त्यात डोळा शोधावा लागतो. नॉर्वेची दुसरी लेखनभाषा, जी खेड्यांतील बोलींवर उभारली गेली, तिने ‘विंदाउगे’ हे पूर्ण रूप जपले. फारो बेटांतही तो नांदतो. आइसलंड हे जुन्या भाषेचे माहेर समजले जाते, पण तेथे रोजच्या बोलण्यात खिडकीला ‘ग्लुग्गी’ असे निराळेच नाव आहे. स्वीडनने तर जर्मनांकडून ‘फोन्स्तर’ घेतला, आणि तो कोण? तीच लॅटिन फेनेस्त्रा. आयर्लंडने लॅटिन खिडकी मिटून नॉर्स उघडली. स्वीडनने नॉर्स मिटून लॅटिन उघडली. भाषेच्या शुद्धतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी ह्या अदलाबदलीचा अवश्य विचार करावा.

आयर्लंडजवळ शब्द असताना दुसरा का घेतला? येथे उसनवारीविषयीचा आपला एक आवडता समज आड येतो. वस्तू नवी म्हणून शब्द नवा, असे आपण मानतो. परंतु उलट दिशेचे उदाहरण पाहा. गेलिक लोक उन्हाळ्यात गुरे डोंगराळ कुरणांत नेत आणि तेथे झोपड्या करून दूधदुभते काढीत. त्या जागेला जुन्या आयरिशमध्ये जो शब्द होता तो नॉर्स लोकांनी ‘एर्गी’ म्हणून उचलला. नॉर्वेत ही चाल नव्हती असे नव्हे. तिच्यासाठी त्यांचा स्वतःचा शब्द ‘सेत्र’ होता. ऑर्कनीच्या जार्लांची जी सागा सुमारे 1200 साली रचली गेली, तीत केथनेसमधील अशा एका ठिकाणाचे नाव येते, आणि तेथे सागाकार थांबून सांगतो की ह्यालाच आम्ही ‘सेत्र’ म्हणतो. आपला शब्द ठाऊक असून तो दुसऱ्याचा वापरतो! फारो बेटांतील आर्गिसब्रेक्का, लँकेशरमधील ग्रिम्सर्ग, ह्या ठिकाणी गेलिक शब्द नॉर्स तोंडून उमटलेला आहे. म्हणजे घेणारा दरिद्री असतो आणि देणारा श्रीमंत, हे सूत्र खोटे. ज्याच्याबरोबर आपण राहतो, ज्याच्याकडून दूध घेतो किंवा ज्याचा सुतार आपले घर बांधतो, त्याचा शब्द आपल्या तोंडी बसतो.

आणि सहवास झाला होताच. 795 साली नॉर्स लोकांची आयर्लंडवरील पहिली धाड नोंदली गेली. मठ लुटले गेले, माणसे गुलाम म्हणून नेली गेली. परंतु 841 साली त्यांनी डब्लिन येथे तळ दिला, आणि तळाचे पुढे नगर झाले. 1014 च्या क्लॉन्टार्फच्या लढाईने त्यांचे राजकीय बळ खचले, तरी नगरातले व्यापारी व कारागीर तेथेच राहिले. 1170 त अँग्लो-नॉर्मनांनी डब्लिन घेईपर्यंत ते नगर त्यांचे होते. डब्लिनच्या वुड की भागात 1974 ते 1981 पर्यंत जे उत्खनन झाले त्यात काटक्या विणून केलेल्या भिंतींची, दोन टोकांना दारे आणि मध्ये चूल असलेली घरे ओळीने सापडली. ह्या वस्तीतून आयरिशमध्ये आलेले शब्द पाहा: बाजार, सुकाणू, कॉड मासा, घेवड्याचे दाणे, आणि खिडकी. तलवारीच्या बाजूचे नव्हेत, बाजूच्या घरातले शब्द आहेत हे. चर्चमधील खिडकी लॅटिन होती आणि राहत्या घरातली नॉर्स झाली, असे मानावयास जागा आहे. आणि शेवटी घरातलीच टिकली.

ह्या सर्व शब्दांचा पद्धतशीर विचार करणारा ग्रंथ कार्ल मार्स्ट्रांडर ह्या नॉर्वेजियन पंडिताने 1915 साली प्रसिद्ध केला. हे गृहस्थ 1907 साली आयर्लंडच्या पश्चिमेकडील ब्लास्केट बेटावर आयरिश शिकावयास जाऊन राहिले होते, आणि बेटावरील कोळी त्यांना ‘लोक्लनाख’ म्हणजे नॉर्स माणूस म्हणत. हजार वर्षांपूर्वी ज्या नावाने लोक भयभीत होत, त्याच नावाने एका विद्यार्थ्यास चुलीपाशी बसविले गेले. मार्स्ट्रांडरच्या ग्रंथाचे बळ असे की तो नुसती यादी देत नाही. उसन्या शब्दांच्या ध्वनींवरून ते कधी आले हे तो काढू पाहतो.

त्याच्या दोनच वर्षे आधी, 1913 साली, आपल्या एका गोवेकराचा असाच ग्रंथ निघाला होता. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद ह्यांनी सुमारे पन्नास आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा शोध घेतला. 1893 साली मुंबईस कोकणी-पोर्तुगीज कोश छापणारे हे संस्कृतज्ञ आपल्या वाचकांस अपरिचित नसावेत. ह्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1936 साली बडोद्यास गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाले, हेही बडोद्याच्या वाचकांनी अभिमानाने सांगण्यासारखे. फ्विन्योगची सख्खी बहीण ह्याच प्रांतात आहे: पोर्तुगीज ‘जनेला’. कोकणीत ती ‘जनेल’ झाली, शेवटचा आकार गेला; बंगालीत ‘जानाला’, मल्याळममध्ये ‘जनल’, मलायात मध्ये एक ‘द’ शिरून ‘जेन्देला’. जनेलाचे मूळ लॅटिन ‘यानुआ’, म्हणजे दार. ती ‘लहानसे दार’ आहे. आपली ‘खिडकी’ही प्राकृतात लहान दारच होती, आणि किल्ल्याच्या दरवाजातील छोट्या दारास अजून खिडकी म्हणतात. डोळ्याच्या कुळाबाहेरचे हे दुसरे कूळ.

दाल्गादांचे परिश्रम थोर आहेत. पन्नास भाषांची साक्ष एकट्याने गोळा करणे हे काम आज एखाद्या मंडळासही जड जाईल. परंतु ग्रंथाची मांडणी पोर्तुगीज शब्दाच्या वर्णानुक्रमाने आहे. देणाऱ्याचे नाव मथळ्यावर आणि घेणारे खाली रांगेत उभे. त्यामुळे ‘जनेला कोठे कोठे गेली’ हे कळते. ‘जनेल कोकणीत येऊन कशी राहिली, खिडकी व झरोका ह्यांच्याशी तिची वाटणी कशी झाली’ हे कळत नाही. उसन्या शब्दाचा खरा इतिहास घेणाऱ्याच्या घरात घडतो. मार्स्ट्रांडरला ही गोष्ट ध्वनींच्या बाजूने उमगली होती. अर्थाच्या बाजूने ती दोघांच्याही ग्रंथांत अपुरीच राहते.

हा प्रश्न गोव्यात केवळ विद्वत्तेचा नाही. जनेल, बलकांव असे शब्द तोंडी आले की पारतंत्र्याचा डाग दिसतो असे म्हणणारे सज्जन मला ठाऊक आहेत, आणि त्यांची वेदना खोटी नाही. 1684 साली विसरेई कोंदे द आल्व्होर ह्याने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. तो हुकूम फसला, कोकणी राहिली. मग जनेल कोणी आणली? हुकमाने नव्हे. गवंड्याने, सुताराने, शिंपल्यांची तावदाने बसविणाऱ्या कारागिराने. ज्यांनी आपली देवळे अंत्रुजात नेऊन पुन्हा उभारली त्यांनीही अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या त्याच कारागिरांकडून करून घेतल्या, आणि देवाने त्यास हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. हुकमाचे शब्द आणि हातांचे शब्द ह्यांत भेद केला पाहिजे. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचून दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, ते योग्यच होते. दरबाराचा शब्द दरबारी आज्ञेने बदलू शकतो. पण मराठी माणसाच्या खिडकीकडे पाहा. खिडकी प्राकृत, काच संस्कृत, तावदान फारसी, पडदा फारसी, बिजागरी पोर्तुगीज. शुद्धीच्या उत्साहात बिजागरी काढली तर झडप अंगणात पडेल.

आयरिश लोकांनी गेल्या शतकात आपली भाषा जगविण्यासाठी इंग्रजीशी मोठा झगडा केला, परक्या शब्दांवर कडक पहारा ठेवला. फ्विन्योग त्या पहाऱ्यातून कोणी अडविली नाही, कारण ती परकी आहे हे कोणाच्या मनातही येत नव्हते. जनेल अजून त्या वयाची झालेली नाही. तिला येऊन चार-पाचशेच वर्षे झाली आहेत. दाल्गादांनी जमविलेली सामग्री घेऊन, पण मथळ्यावर ‘जनेला’ न लिहिता ‘जनेल’ लिहून, तिच्या शेजारी खिडकी, झरोका, गवाक्ष, झडप ह्यांना बसवून, कोकणी आणि गोव्याची मराठी ह्या दोन्ही घरांतील उसन्या शब्दांचा कोश नव्याने रचावयास हवा. काणकोणात, सत्तरीत, बारदेशात, आणि बेळगावकडील सारस्वत घरांत कोणत्या खिडकीस कोणता शब्द लावतात ही पहिली नोंद. ती करावयास विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही, प्रत्येक वाड्यावरच्या म्हाताऱ्या सुताराशी बोलले तरी पुष्कळ हाती लागेल.